मथुराबाई पुढे बसल्या त्याची गोष्ट

दारव्ह्याजवळच्या एका गावात मथुराबाई कोण म्हणून विचारलंत, तर लोक सांगतील, पंजाबरावाच्या बैलबंडीत मागे पाय सोडून बसते ती. लग्न होऊन आल्या त्या दिवशी अशाच बसून आल्या, आणि पुढची तीसेक वर्षं कापूस वेचायला, बाजाराला, माहेराला, लोकांच्या लग्नांना तशाच गेल्या. पंजाबराव पुढे, हातात बैलांचा कासरा. बाई मागे, त्यांच्याकडे पाठ करून. त्यामुळे झाड, पूल, माणूस, जे काय असेल ते बाईंना दिसायचं ते मागे पडल्यावरच.

त्यात पंजाबरावांना एक खोड. पळसाच्या वळणावर बंडी आली की ते ओरडत, "मथुरे, थे पाह्य काळवीट!" बाई धडपडून मान वळवायच्या. समोर नुसता धुरळा.

"कुठी?"

"गेलं. तुले कधी काई वेळेवर दिसलं हाये काय वं?"

मग गाव येईपर्यंत त्या काळविटाच्या शिंगांचं वर्णन चाले. बाई चुपचाप ऐकत आणि मनातून चांगल्या हळहळत. आयुष्यात एकदा तरी आपण पुढे बसावं, काहीतरी येताना बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. सोनं नको, लुगडं नको. एकदा त्यांनी ती बोलूनही दाखवली, तेव्हा पंजाबराव म्हणाले, "बाई पुढं बसली की बैल बावचळते." बैलांना कुणी विचारलं नव्हतं.

यांची लेक समीक्षा कोकणात, देवगडच्या जवळच्या एका शाळेत मास्तरीण आहे. यंदा हिवाळ्यात कापसाची वेचणी आटोपली तशी दोघं तिला भेटायला निघाली. विजयदुर्गापर्यंत एसटीने पोचली खरी, पण घाटात बाईंना गाडी अशी लागली की पुढच्या वळणांचं नाव काढलं तरी त्या एसटीकडे पाठ फिरवायच्या. समीक्षाने मग शेजारच्या तांडेलाला मोटारची होडी घेऊन विजयदुर्गाला पाठवलं. हिवाळ्यात समुद्र शांत असतो, किनारा धरून सरळ दक्षिणेला यायचं, वळणं नाहीत की घाट नाही.

होडीचं कळलं मात्र, पंजाबरावांच्या अंगात आलं. निघण्याआधी दारव्ह्याच्या अख्ख्या बाजारात ते सांगून बसले होते, "समुद्रात गेलो त मी सोता नाव हाकतो, पाह्यजा!" ठेच्याचा डबा पुढे करून करून त्यांनी तांडेलालाही पटवलं. तो बिचारा ठेचा खाऊन डोळे पुसत होता, त्याला नाही म्हणायला आवाज कुठला?

होडी धक्क्याला लागली. पंजाबराव उडी मारून थेट पुढच्या टोकावर जाऊन बसले, तिथला दोर दोन्ही हातांत गच्च धरला, जिभेने बैलांना करतात तसा टकटक आवाज केला आणि म्हणाले, "हं, चाल!"

इंजिन सुरू झालं, पण त्यांच्या पाठीमागे.

"काका," तांडेल म्हणाला, "मशीन पाठी असता. चालवणारो पाठीच बसता."

पंजाबरावांनी पुढची जागा बघितली, मागचा सुकाणूचा दांडा बघितला. तोंड असं झालं, की बाईंना पदर तोंडात कोंबावा लागला. पुढे बसावं तर हाकणं गेलं, हाकावं तर पुढची जागा गेली. "मशीन मांगं अन् चालवणारा बी मांगं? कोणाच्या डोक्यातून निंगालं हे?" असं पुटपुटत ते शेवटी मागे गेले. बाजारात दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. "तू बस तिकडं पुढं, पिशव्यांजवळ."

आणि मथुराबाई पुढे बसल्या.

मागे काय चाललंय ते त्यांनी बघितलंच नाही, पण ऐकू येत होतं. कासरा उजवीकडे ओढला की बैल उजवीकडे वळतात, होडीचा दांडा उजवीकडे ओढला की होडी डावीकडे जाते. पंजाबराव किनाऱ्याकडे ओढत, होडी खोल समुद्राकडे धावे. चिडून ते आणखी जोरात ओढत, तशी होडी पूर्ण फिरून आल्या वाटेला, उत्तरेला लागे. "काका, मुंबई नको, देवगड!" तांडेल ओरडत होता. पुढच्या टोकावर लाटा उडून बाई नखशिखान्त भिजल्या, दात वाजायला लागले.

"मथुरे, मांगं ये वं, कोरडं हाये!"

"नाई येत!" बाई म्हणाल्या. समोरून लाट येत होती, पक्षी येत होता, डोंगराचं टोक येत होतं. सगळं येतच होतं. बाईंना रडू फुटलं, आणि ते आनंदाचं आहे हे त्यांना नीट कळत होतं.

तेवढ्यात होडीच्या पुढ्यात पाणी फाटलं आणि रेडकाएवढा एक काळा चकचकीत डॉल्फिन वर उसळला, वाकला, आत गेला.

"अवो, पाहा, पाहा!"

दांड्याशी झोंबणाऱ्या पंजाबरावांनी मान वर केली. नुसता फेस.

"कुठी?"

"गेलं," मथुराबाई म्हणाल्या. "तुमाले कधी काई वेळेवर दिसलं हाये काय?"

देवगड येईपर्यंत त्यांनी त्या पाठीचं, शेपटीचं, चकाकीचं वर्णन केलं. पंजाबराव दांडा ओढत राहिले.

गावी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी शेतात जायला बंडी जुंपली. बाई सरळ पुढे जाऊन बसल्या आणि कासरा हातात घेतला. पंजाबराव थोडे घुटमळले, मग गुपचूप मागे जाऊन पाय सोडून बसले. बैल बावचळले नाहीत. पळसाचं वळण आलं. रस्ता रिकामा, सावलीला कुत्रंसुद्धा नव्हतं. बाईंना काय सुचलं कोण जाणे.

"अवो, थे पाहा काळवीट!"

मागून हालचाल नाही.

"पाहा ना!"

"मथुरे," पंजाबराव मान न वळवता म्हणाले, "त्या वळणावर काळवीट नसते. मी बी तिथंच सांगत होतो."

कासरा असा ओढला गेला की बैल जागच्या जागी थांबले.

"इतके वर्सं?"

"सगळेच खोटे नाई वं," मागून आवाज आला. "एक खरं होतं."