चारावरून सतरा

मी सात वर्षांची असताना एका भल्या माणसाला फसवलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

डोंबिवलीत आमच्या शेजारी एक मास्तर राहत. नोकरी ठाण्याच्या शाळेत. स्वातंत्र्याला पाचसहा वर्षं झालेली, आणि मास्तरांना देशासाठी हुशार मुलं घडवायची होती. व्यायामाने दंड भरतो तशी लहानपणी स्मरणशक्तीही वाढवता येते, अशी त्यांची ठाम समजूत. एका रविवारी त्यांनी आळीतल्या आम्हा नऊ पोरांना ओटीवर बसवलं. परातीत वीस वस्तू, वर पंचा. पंचा उचलून जरा वेळ बघू द्यायचं, पुन्हा झाकायचं, आणि आठवेल ते सांगायचं.

मला जवळजवळ सगळं आठवत होतं. पण फाटकाशी मैत्रीण सागरगोटे घेऊन ताटकळलेली, आणि मास्तर म्हणालेले, "सांगून झालं की मोकळे."

"अडकित्ता, लिंबू, किल्ली, बटाटा. झालं," म्हणून मी पळाले.

मग तीन महिने दर रविवारी व्यायाम. आकडे उलटे म्हणायचे, चित्रांच्या जोड्या लावायच्या, डोळे बांधून वास ओळखायचे. धमाल यायची. हिंग हुंगताना एक जण असा शिंकला की मास्तरांचा चष्मा उडाला.

शेवटी पुन्हा परात. या वेळी सगळ्यांच्या आया समोर बसलेल्या. माझी आई तर डोळे वटारूनच. मी धडाधड सतरा वस्तू सांगितल्या. बाकीची पोरं एकदोन वस्तूंनीच पुढे सरकली होती, पण तिकडे कोण बघतंय!

"चारावरून सतरा!" मास्तर उभेच राहिले.

"आमच्या ह्यांनाही बसवा हो," एक काकू म्हणाल्या. "अर्धी भाजी विसरून येतात."

हशा पिकला. त्या हशातच मास्तर म्हणाले, "उद्या राजीनामा देतो. आता हाच वर्ग चालवणार."

तोंड उघडायची तीच वेळ होती. मी बक्षिसाचा लाडू खात राहिले.

वर्ग दीड वर्ष चालला. चारावरून सतरावर दुसरं कुणी गेलं नाही. पोरं गळत गेली, आणि मास्तर घरोघर शिकवण्या करू लागले.

गेल्या महिन्यात जाऊन त्यांना सगळं सांगून टाकलं. मास्तर आता थकलेत. पण ऐकून ताडकन उठून बसले.

"अगं गाढवे! बाकीच्या मुलांच्या बाबतीत माझं काय चुकलं, हा विचार मी तीस वर्षं करतोय!"

"बरं झालं नाही बोलली ते," आतून मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या शाळेतून रोज आठ्या घालून यायचात."

"तू थांब गं." मग माझ्याकडे वळून, "म्हणजे खरी वाढ एकदोन वस्तूंचीच?"

"हो."

"तेवढी तर नुसत्या सरावानेही होते."

मी मान डोलावली. मास्तर एकदम खुशीत आले.

"म्हणजे शिकवण्यात खोट नव्हती! व्यायामातच दम नव्हता! अगं, चहा टाक हिला."