अलीझा येण्याआधीचे तेरा आठवडे

लातूरच्या गंजगोलाईपासून दोन गल्ल्या सोडून जिलानीचं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, आठ बाय दहाची खोली. बाहेर पाठ उघडी करून ठेवलेले फ्रिज, आत भिंतीला टांगलेली तांब्याच्या नळ्यांची वेटोळी. चौदाव्या वर्षी तो उस्तादाच्या हाताखाली लागला, त्याला आता वीस वर्षं झाली. कंप्रेसरला नुसता हात लावून दुखणं सांगतो, असं गल्लीत म्हणतात. गिऱ्हाइकाशी बोलणं मात्र मोजकं. उस्तादाने पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "बनत असंल तर बनतो म्हण, नसंल तर न्हाई म्हण. 'बघू' म्हणून कुणाला लटकवून ठिवू नको."

सालेहाशी त्याचं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. ती भोकरची. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात एकदा गर्भ पडला होता, म्हणून या खेपेला पाचवा महिना लागेपर्यंत दोघांनी कुणाला काही कळू दिलं नाही. मग सोनोग्राफीचा दिवस आला. डॉक्टर पोटावर एकाच जागी यंत्र फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाळाचं हृदय मला नीट दिसत नाही. नांदेडला एक मॅडम आहेत, त्या फक्त हेच बघतात. उद्याच जा."

नांदेडच्या मॅडमनी पाऊण तास तपासलं. तेविसावा आठवडा चालू होता. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि कागदावर हृदय काढलं.

"हृदयातून दोन मोठ्या नळ्या निघतात. एक फुफ्फुसाकडे जाते, एक सगळ्या अंगाकडे. तुमच्या बाळाच्या नळ्या एकमेकींच्या जागी बसल्यात."

जिलानी कागदाकडे बघत राहिला. "म्हंजे अंगातलं रक्त अंगातच फिरणार. हवा घ्यायला फुफ्फुसात जाणारच न्हाई."

मॅडमनी मान वर केली. "तुम्ही काय करता?"

"फ्रिज दुरुस्त करतो. नळ्या उलट्या जोडल्या तर मशीन चालतंय, पर थंड होत न्हाई."

"मग ते आत्ता जितं कसं हाय?" सालेहाने विचारलं. तिचा हात पोटावर होता.

"पोटात त्याला श्वास घ्यावा लागत नाही, तुमच्याकडून सगळं मिळतं. शिवाय हृदयाजवळ एक बारीक नळी असते, तिच्यातून दोन्हीकडचं रक्त थोडं मिसळतं. जन्मल्यावर ती नळी मिटायला लागते. कुणाची दोन दिवसांनी, कुणाची काही तासांत. ती मिटायच्या आत एक औषध सुरू करावं लागतं. मग आठ-दहा दिवसांत मोठं ऑपरेशन. ते हैदराबादला होईल."

"वाचतात का अशी लेकरं?"

"वेळेवर पोचली तर बहुतेक वाचतात. सगळी नाही." मॅडम थोडं थांबल्या. "अजून एक. मूल ठेवायचं की नाही हे ठरवायला कायद्याने अजून काही दिवस आहेत. मी हो म्हणत नाही, नको म्हणत नाही. तुम्ही दोघं बोला."

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, पाणीवाले खिडकीशी आले नि गेले. तेव्हा सालेहा म्हणाली, "लाथा मारून राहिलंय सकाळपासून. मी ठेवणार हाय. तुम्ही काय म्हणता?"

"मी कुठं काय म्हणलो?"

"म्हणूनच विचारून राहिले."

जिलानीने खिडकीबाहेर बघितलं. "ठिवू," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात महिन्यांऐवजी आठवडे मोजले जाऊ लागले. सदतिसाव्या आठवड्यात हैदराबादला जायचं, दवाखान्याजवळ खोली घ्यायची आणि तिथेच बाळंतपण करायचं, असं ठरलं. प्रश्न मधल्या दिवसांचा होता. कळा आधीच सुरू झाल्या तर? लातुरात लहान मुलांच्या डॉक्टर तारामती यांचा दवाखाना होता, बाळंतपणाची सोय होती, काचेच्या पेट्या होत्या, श्वासाचं यंत्र होतं. त्यांनी सगळे कागद वाचले.

"इथे वेळ आली तर मी बाळाला सांभाळेन. पण ते औषध आमच्याकडे नसतं, लातुरात कुणीच ठेवत नाही. ते तुम्हीच मागवून ठेवा. दोन ते आठ डिग्रीत राहिलं पाहिजे. गरम झालं तर गेलं, गोठलं तरी गेलं."

"इथंच दवाखान्यात ठिवावं का?"

"ती पंधरा दिवस माहेरी भोकरला गेली आणि तिथेच पोट दुखायला लागलं तर? ती जिथे, औषध तिथे."

भोकरचं नाव निघालं, पण भोकरला बाळाच्या हृदयाचं अजून काहीच सांगितलं नव्हतं. सालेहाची अम्मी तिकडे सतवाशाची तयारी करत होती. सातव्या महिन्यात लेकीला हिरवा जोडा, फुलं, मेवा, आणि मग बाळंतपणाला माहेरी. तिने बायकांना सांगूनही टाकलं होतं. सालेहा रोज फोनवर "हाव अम्मी, हाव अम्मी" म्हणायची आणि फोन ठेवून रडायची. शेवटी एका रविवारी जिलानी एकटाच एसटीत बसला.

अम्मी पलंगावर जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवत बसली होती. त्याने चहा व्हायची वाट पाहिली नाही. कागद काढला, नांदेडच्या मॅडमसारखंच हृदय काढलं आणि जसं समजलं होतं तसं सांगितलं. अम्मीची सुई थांबली.

"किती दिवस झाले तुम्हाला कळून?"

"सात हप्ते."

"सात हप्ते. आन मी हितं दुपटी शिवून राहिले." तिने सुई दुपट्यात खोचून ठेवली. मग म्हणाली, "सालेहाच्या आधी माझा एक गेला, जिलानीमियाँ. तिला ठाऊक न्हाई. चांगला गुटगुटीत होता. तिसऱ्या दिवशी निळा पडला. सुईण म्हणली, नजर लागली. मी तीस वर्षं शेजारणीला बोल लावला."

जिलानीने कागद खिशात घातला. "त्याचं तेच होतं का, ते आता कसं सांगणार अम्मी," तो म्हणाला.

"नगा सांगू." तिने दुपटी घडी घालून गाठोड्यात बांधली. "पहिलं बाळंतपण मायच्या घरी व्हावं, अशी रीत हाय. मग मायच येते तिकडं."

दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावून ती लातूरला आली. हिरवा जोडा लातुरातच नेसवला. पाहुणे म्हणून फक्त घराशेजारच्या भुसार दुकानाचे चन्नबसप्पा आणि त्यांच्या बायको शांतम्मा.

औषध हैदराबादहून आलं. चार बारीक काचेच्या कुप्या. ते यायच्या आधी आठ दिवस जिलानीने घरच्या फ्रिजची परीक्षा घेतली होती. वरच्या फळीवर, मधल्या फळीवर, दारात, सगळीकडे थर्मामीटर ठेवून पाहिला. मधल्या फळीवर पुढच्या बाजूला पाच डिग्री टिकत होते. तिथे त्याने डबा ठेवला आणि अम्मीला सांगितलं, की या फ्रिजचं दार दिवसातून दोनदाच उघडायचं. दही-भाजी शांतम्माच्या घरी गेली.

मे महिना होता. लातूरचं ऊन आणि लातूरची लाईट, दोन्हींचा भरवसा नाही. एकदा दुपारी बाराला लाईट गेली ती साडेचारपर्यंत आली नाही. जिलानी दुकान टाकून पळत घरी आला, तेव्हा थर्मामीटरचा काटा सातवर होता. त्याने चन्नबसप्पांच्या इन्व्हर्टरवरून भिंतीवरून वायर ओढली. चन्नबसप्पांच्या दुकानातला पंखा बंद पडला. ते गोणीवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत राहिले. "आप्पा, तुम्हाला तरास व्हायलाय," जिलानी म्हणाला. "मला काय होतंय," ते म्हणाले, "मी काय कुपीत हाय का."

हैदराबादची तिकिटं रविवारची होती. छत्तिसावा आठवडा संपायला दोन दिवस बाकी असताना, शुक्रवारी सकाळी सातला, सालेहा मोरीतून बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. "पाणी गेलं," ती म्हणाली.

जिलानीने आधी तिच्याकडे बघितलं, मग फ्रिजकडे. त्याने डबा बाहेर काढला. कुप्या त्याने रुमालात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवल्या, मध्ये पुठ्ठा घातला, म्हणजे बर्फ थेट लागायला नको. रिक्षात सालेहाने एका हाताने अम्मीला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने त्याचं मनगट. गोलाईच्या गर्दीत रिक्षा अडली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अजून दोन दिस थांबायला काय झालं होतं याला."

दवाखान्यात पोचताच हैदराबादच्या डॉक्टरांशी तारामती मॅडमचं फोनवर बोलणं झालं. उत्तर स्पष्ट होतं: रस्त्यात बाळंत होऊ देऊ नका. तिथेच होऊ द्या, औषध लावा, मग बाळाला पाठवा.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. रडली. खणखणीत रडली. बाहेर अम्मी भिंतीला टेकून खाली बसली. जिलानीला वाटलं, सगळ्यांचंच काही तरी चुकलं असेल. मग दार उघडलं आणि मुलीला काचेच्या पेटीत ठेवायला नेलं. तेवढ्यात त्याला दिसलं. ओठ जांभळाच्या सालीसारखे होते.

तारामती मॅडमनी नाळेतूनच बारीक नळी घातली आणि औषधाचा पंप सुरू केला. यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा होता अठ्ठावन्न. मॅडम म्हणाल्या, सत्तरच्या वर जायला हवा. जिलानी काचेबाहेर उभा राहून त्या आकड्याकडे बघत होता. अठ्ठावन्न. सत्तावन्न. साठ. पुन्हा अठ्ठावन्न. वीस मिनिटं झाली. औषध खराब झालं असेल का? त्या दुपारी काटा सातवर होता. पण वायर जोडेपर्यंत कितीवर गेला असेल?

पस्तिसाव्या मिनिटाला आकडा चौसष्ट झाला. मग अडुसष्ट. त्र्याहत्तरवर तो टिकला, आणि तेव्हाच मुलीने श्वास घेणं सोडलं. "हे या औषधाने होतं," मॅडम म्हणाल्या, त्यांचे हात थांबले नव्हते. "बाहेर थांबा." त्यांनी घशात नळी घातली, यंत्र जोडलं. छाती पुन्हा वरखाली व्हायला लागली.

दोन वाजता अँब्युलन्स निघायची होती. मॅडमनी दुपारचे सगळे पेशंट दुसरीकडे पाठवले आणि स्वतः आत चढल्या. त्याआधी पेटी सालेहाच्या पलंगाशी नेली. भोकातून हात घालून तिने मुलीचा तळवा धरला.

"तुम्ही जा," ती जिलानीला म्हणाली. "माझ्याकडं अम्मी हाय. तिच्याकडं कोण हाय?"

ड्रायव्हर मल्लेश उदगीरचा. त्याला रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ होता. उदगीर गेलं, बिदर गेलं. मल्लेश फक्त गतिरोधकाआधी "धरा" म्हणायचा. मॅडम आकडा बघत होत्या, जिलानी मॅडमचा चेहरा. साडेआठला दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा आकडा एकाहत्तर होता.

चौथ्या दिवशी सालेहा आणि अम्मी रेल्वेने आल्या. मुलीला पाजता येत नव्हतं, म्हणून सालेहा दर तीन तासांनी दूध काढून बाटलीत भरायची आणि नर्सच्या हाती द्यायची. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं. सहा तास तिघं एकाच बाकावर बसले. सर्जन बाहेर आले.

"नळ्या जागेवर लावल्या. पुढचे दोन दिवस बघू."

'बघू' हा शब्द जिलानीला आयुष्यात इतका कधी लागला नव्हता. ते दोन दिवस कसे गेले ते त्याला आजही नीट सांगता येत नाही; अम्मीने बळेच भरवलेली भाकरी तेवढी आठवते. तिसऱ्या दिवशी यंत्र काढलं. नर्सने मुलीला पहिल्यांदा सालेहाच्या मांडीवर दिलं, तेव्हा तिचे ओठ गुलाबी होते. अम्मी त्या ओठांकडे बघत राहिली, मग तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

एकतिसाव्या दिवशी ते लातूरला परतले. मुलीचं नाव अलीझा. आता ती दीड वर्षाची आहे. छातीवर उभा व्रण आहे, सहा महिन्यांनी तपासणी असते, आणि पुढे कधी काही करावं लागेल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. अम्मी भोकरला परत गेली. तिथल्या त्या जुन्या शेजारणीच्या घरी जायचं आहे, असं ती निघताना जिलानीला म्हणाली होती. गेली का, ते त्याने विचारलं नाही.

परवा अलीझाने चन्नबसप्पांच्या दुकानातल्या उघड्या गोणीतली तूरडाळ सांडली. सालेहाने दटावलं तशी ती भोकाड पसरून रडायला लागली. जिलानी हातातलं काम टाकून घरातून धावला आणि सवयीने तिचे ओठ बघायला वाकला.

"रडू द्या," सालेहा डाळ गोळा करता करता म्हणाली. "तुमच्या लाडापायीच आप्पांचं नुकसान करून राहिली ती."