जावयाच्या देशाला बारा मार्क

पुसद शहरात माझ्याइतकं वाईट बोलणारा माणूस दुसरा नाही. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगत नाही. लोकच सांगतात, तेही दुरून. एका गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐकताना मी बसल्या जागेवरून एकच शेरा मारला, तर क्लॅरिनेटवाल्यानं दुसऱ्या दिवशी क्लॅरिनेट विकून पिठाची गिरणी टाकली. ती गिरणी आजही वरच्या पट्टीत चालते. खोटं वाटत असेल तर ज्वारी घेऊन जा.

आमच्या गोतात निकाल द्यायचं काम माझं. लग्नातलं वरण असो, नवरदेवाची मिशी असो की टीव्हीवरचा गवई. आधी मी बोलायचं, मग बाकीच्यांनी हसायचं, आणि ज्याच्याबद्दल बोललो त्यानं घरी जाऊन जेवायचं नाही. हे काम मी जिथून करतो ती जागाही ठरलेली आहे: साडभाऊच्या बैठकीतली, कूलरसमोरची, सागवानी हातांची खुर्ची. मे महिन्यात पुसदला कूलरसमोर बसलेला माणूस आणि न बसलेला माणूस यांच्यात जो फरक असतो, तो मंत्री आणि पडलेला उमेदवार यांच्यातही नसतो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या लहान बहिणीचा नवरा. रिटायर हेडमास्तर. हार्मोनियमच्या दोन परीक्षा पास आहे. तिसऱ्या परीक्षेत हार्मोनियमच नापास झाली, असं तो सांगतो. माझी ती खुर्ची त्याच्या डोळ्यांत खुपते. आजवर त्यानं तिला ढेकूण झाल्याची अफवा उठवून पाहिली, पॉलिशला पाठवून पाहिली. मी हललो नाही. पण यंदा त्याला हत्यार सापडलं.

त्याची पोरगी युरोपात शिकायला गेली आणि तिकडचाच एक नवरा करून बसली. ते जोडपं पहिल्यांदाच पुसदला आलं, आणि नेमका धोंड्याचा महिना लागला. आता अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला अनारशांचं वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तो जे म्हणेल त्याला मान हलवायची. साडभाऊच्या जावयाचा देश म्हणाल तर फुलसावंगीच्या शिवाराएवढा. नकाशावर माशी बसली तर अख्खा देश झाकतो, आणि माशीचे पाय शेजारच्या देशात जातात. पण त्या देशाची एक गायिका युरोपातल्या त्या मोठ्या गाण्याच्या स्पर्धेत उतरली होती. तिकडच्या देशादेशांतले लोक दर वर्षी एका स्टेजवर येऊन ओरडतात, आणि अख्खा खंड त्यांना मार्क देतो. आपल्या देशाला मात्र आपल्याला मार्क देता येत नाहीत. हा नियम आमच्या पोळ्याच्या बक्षिसाला असता तर निम्म्या बैलजोड्या घरीच राहिल्या असत्या.

स्पर्धा आपल्याकडच्या अर्ध्या रात्री होते, म्हणून भाचीनं, म्हणजे साडभाऊच्या त्या पोरीनं, ठरवलं की रविवारी सकाळी टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहायची. निकाल आधी कळू नये म्हणून सगळ्यांचे फोन पितळी डब्यात बंद. मी आठवडाभर तयारी केली. बायको म्हणाली, "अजी, गाणे तं अजून ऐकलेही नाई, आन् शिव्या आतापासून कायले पाठ करून राह्यले?" मी म्हटलं, पेरणी पावसाच्या आधीच करून ठेवावी लागते.

जाऊन पाहतो तर माझ्या खुर्चीत जावई. भाजलेल्या मडक्यासारखा लाल झालेला, कूलरच्या हवेत केस उडतायत, मांडीवर चिवड्याची प्लेट.

"या, या साडभाऊ!" साडभाऊ एवढा गोड बोलला की मला शुगर झाली. "तिकडं स्टूल ठेवला हाय तुमच्यासाठी." तो स्टूल प्लास्टिकचा, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी. आत पुरण शिजत होतं. कूलरची हवा तिथवर येईपर्यंत तिला स्वतःलाच घाम फुटायचा.

"माह्या खुर्चीत कोण बसलं?" मी विचारलं.

"मुख्य परीक्षक. जवाईबापूच्या खंडातली स्पर्धा हाय, तं परीक्षकही तेच. आन् आजपासून ते आले की ही खुर्ची त्यायचीच. तुमी आता सल्लागार."

सल्लागार! आमच्या इकडे गणपती मंडळात सल्लागार त्यालाच करतात ज्याला स्टेजवर घ्यायचं नसतं.

मार्क द्यायची रीतही साडभाऊनंच काढली. तिकडे सगळ्यात जास्त मार्क बारा असतात, म्हणून दहापर्यंत बोटं वर करायची, आणि बारा द्यायचे असतील तर दोन्ही पायही जमिनीवरून उचलायचे. शून्य असेल तर मूठ. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की सागवानी हात धरून पाय उचलणं सोपं आहे, आणि प्लास्टिकच्या स्टुलावरून ते हत्तीला झोक्यावर बसवण्यासारखं आहे.

गाणी सुरू झाली. पहिला गडी चिलखत घालून आला आणि आभाळाकडे पाहून रडायला लागला. मी म्हटलं, "हा गाऊन नाई राह्यला, वखर दगडाले लागून राह्यला." बायको फिसकन हसली. दुसरीच्या स्टेजवर एवढा धूर की मळणीनंतरचं सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, पेटल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "थांबा, गायिका सापडली की मार्क देतो." तिसऱ्या गाण्याला तिघं भाऊ आले. एक गायचा, दुसरा उड्या मारायचा, आणि तिसरा आईनं सांगितलं म्हणून आला होता. मी सगळ्यांना मूठ दाखवत गेलो. खोलीतलं हसू माझ्या बाजूला जमायला लागलं. जावई मात्र दर गाण्याला "नाइस, नाइस" म्हणून सहा बोटं वर करायचा. साडभाऊ लगेच सहा. म्हटलं, हा कसला परीक्षक? हा तर सहाचा पाढा! संध्याकाळपर्यंत खुर्ची परत घेतो.

तेवढ्यात भाची ओरडली, "आता आमचं!"

मेहुणी पुरणाचा डाव हातात घेऊनच बाहेर आली आणि माझ्या कानाशी वाकली. "भाऊजी, पाया पडते. पहिल्यांदा आला हाय तो आपल्या घरी. त्याच्या देशाच्या गाण्याले नावं ठेवसान तं धोंडे खाऊ घालणार नाई."

"म्या काई बोललो का?"

"तुमी नाई बोलले तरी तुमचं तोंड बोलते."

साडभाऊनं तर हातच जोडले टीव्हीला. आता मला सांगा, मी गप्प बसणार होतो का? खुर्ची जात होती. माझ्या पोतडीतला सगळ्यात धारदार शेरा मी या गाण्यासाठीच राखून ठेवला होता: बोअर कोरडी लागली की मशीन असंच किंचाळते, पण ते निदान थांबते. खोली हसली असती, भाचीला भाषांतर करावं लागलं असतं, आणि नारायण वैकुंठाला परत गेला असता.

गाणं सुरू झालं. बाई एका मोठ्या शिंपल्यातून निघाली. पहिल्या ओळीला साडभाऊच्या गॅलरीतला पोपट पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसला. दुसऱ्या ओळीला पुरण करपलं. मी स्टुलावर सरसावलो, तोंड उघडलं...

आणि जावई बोलला. तोंडातला चिवडा उडवत, इंग्रजीत, सलग. भाची हसून हसून वाकली होती, तरी सांगत गेली.

"ते म्हणतात, आमच्याकडं हिवाळ्यात पाण्याचे पाइप फुटले की असा आवाज येतो. पण पाइप निदान थांबतो."

माझा शेरा! विदर्भातली बोअर युरोपात जाऊन पाइप झाली आणि माझ्याच तोंडावर फुटली. बायको हसली. मेहुणी हसली. आणि माझा आयुष्याचा वैरी, हात जोडलेला साडभाऊ, तोही जावई हसतो म्हणून हसला.

"ते म्हणतात, आमच्या देशात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. निवड समितीवर मेंढ्या घेतल्या असत्या तर हे झालं नसतं." परत हसू. "ते म्हणतात, हिला शिंपल्यातून काढलं कोणी, त्याला आधी अटक करा."

हे असं चालू राहिलं. गाणं संपलं तरी त्याचं संपेना. त्या माणसानं सकाळभर "नाइस, नाइस" करून दम साठवला होता, आपल्याच देशाच्या गायिकेवर सोडायला. गोतावळ्यात पहिल्यांदा माझ्याशिवाय दुसरं कोणी बोलत होतं आणि सगळे तिकडे पाहत होते, कूलरकडे, खुर्चीकडे, आणि मी पुरणाच्या वाफेत. शेवटी जावयानं मूठ वर केली. शून्य. माझी मूठ! मीही तीच वर केली असती तर त्याचा शिपाई झालो असतो.

विरोध करायला एकच जागा उरली होती, आणि ती स्तुतीची होती.

"काहून हसून राह्यले रे?" मी गरजलो. "असा गळा शंभर वर्षांत एकदा होते! कापसाचा लांब धागा असते ना, तसा गळा हाय. तुमाले कळत नाई तं गप्प बसा!" आणि मी दहाही बोटं वर केली आणि दोन्ही पाय उचलले.

बाजूला पाहतो तर साडभाऊनंही दहा बोटं आणि दोन्ही पाय वर केलेले. जावयाच्या देशाचा मान! आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका मताचे, तेही हवेत पाय टांगून. साडभाऊनं माझ्याकडे असं प्रेमानं पाहिलं की मी तोंड फिरवायला गेलो.

स्टुलाचा एक पाय बाहेर गेला. मी दारात असा बसलो की खालच्या मजल्यावरचा भाडेकरू भूकंप म्हणून बाहेर पळाला.

जावई उठला. चांगला दणकट आहे. त्यानं मला काखेत धरून उचललं, चालत नेलं आणि कूलरसमोरच्या खुर्चीत बसवलं. सागवानी हात, समोर हवा. मग माझ्या कपाळाला हात लावून भाचीला काहीतरी बोलला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

भाचीनं ओठ चावले. "मावसाजी, ते म्हणतात... ज्या माणसाला हे गाणं आवडलं, त्याच्या डोक्याला ही हवा जास्त लागते. बसू द्या त्यांना. नेहमीसाठीच."

बायको एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मेहुणीनं ताटात धोंडे वाढून आणले, करपलेले, आणि म्हणाली, "खा भाऊजी. आज तुमी पहिल्यांदा कोणाले चांगलं म्हटलं."

निकाल लागला तेव्हा त्या बाईचा देश शेवटून पहिला होता. जावई स्वयंपाकघराच्या दाराशी, त्या मोडक्या स्टुलाशेजारी उकिडवा बसून टाळ्या पिटत होता, आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून बसले होते. मी कूलरसमोर होतो. हवा गार होती. तिकडे कोणी पाहत नव्हतं.