चार तासांचं अंतर

माझ्या बाबांना अख्खा बाजार 'चार-तास' म्हणायचा. औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं काउंटरवर उभे राहिले, पण बडबड केल्याशिवाय कुणाच्या हातात पाकीट म्हणून दिलं नाही. "थायरॉईडची गोळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम, लोह चार तासांनी. एकत्र घेतलीत तर ती गोळी अंगी लागत नाही, कळलं?" मागे रांग खोळंबलेली. शेजारचा चष्मेवाला ओरडायचा, "अहो, गोळ्या विकताय की शिकवणी घेताय?" बाबांना त्याचं काही नसायचं.

घरी आईला थायरॉईड. शिवाय हाडं ठिसूळ झाली म्हणून कॅल्शियम. तिला गोळ्यांचा मनस्वी कंटाळा. "सकाळी एकदाच काय ते द्या, दिवसभर माझ्यामागे लागू नका," म्हणाली. बाबा निघायच्या घाईत. त्यांनी आठवड्याच्या डबीत दोन्ही गोळ्या सकाळच्या खणात टाकल्या. तात्पुरत्या. ते तात्पुरतं तीन वर्षं चाललं.

आई थकलेलीच. दर तपासणीनंतर डॉक्टर थायरॉईडची गोळी वाढवायचे. त्यांनी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही हो. दुकानातलं डोकं ते दुकानातच ठेवून यायचे. मग आईला मूतखडा निघाला आणि कॅल्शियम बंद झालं. वाढलेली गोळी आता पुरती अंगी लागायला लागली. तिचं वजन उतरलं, तर आम्ही खूश! हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, ते आम्ही वयावर ढकललं. एका मंगळवारी भाजी निवडताना तिच्या डाव्या हातातून ताटली निसटली, आणि तोंडातून शब्द फुटेना. ठोके चुकून हृदयात गुठळी झाली होती, ती मेंदूत गेली.

"आधी गोळ्या कशा घ्यायच्या त्या?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"एकत्र. मीच द्यायचो," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. याच एका कारणाने झालं असं सांगता येत नाही, म्हणाले. बाबांनी मान हलवली. मला रडू आलं नाही. रागही धड येईना, आणि एरवी माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. बाहेर येऊन मी फरशीकडे बघत बसले. बाबा एवढंच म्हणाले, "आईला सांगू नकोस."

घरी आणल्यापासून गोळ्या मी द्यायचे. बाबा डबीला हात लावत नव्हते. दुकानात जायचे, पाकीट द्यायचे, सुटे परत करायचे. चष्मेवाल्याने विचारलं, "बरे आहात ना?" तर हो म्हणाले.

दीड महिन्याने आईची जीभ जरा वळायला लागली. एका सकाळी मी गोळी पुढे केली, तर तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मग म्हणाली, "त्यांना... देऊ दे."

बाबा दारात उभे. "या आता, बघत काय बसलात!" मी खेकसले. ते पलंगाशी आले, आणि गोळी हातात घेऊन सगळं सांगून टाकलं. दोन गोळ्या, एक खण, तीन वर्षं. आवाज अगदी सपाट.

आईने ऐकून घेतलं. एकेक शब्द ओढत म्हणाली, "लोकांना फोनवर चार तासांचं अंतर सांगायचात... ऐकलं होतं मी. वाटलं, तुम्ही देताय... म्हणजे मला चालत असेल."

आणि तिने तोंड उघडलं.