आत्यांचं मुकं टेनिस

मुलुंड ते अंधेरी या पट्ट्यात तळहात पाहून भविष्य सांगणारे पुष्कळ आहेत. खांदा पाहून सांगणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, ती म्हणजे माझ्या बायकोची आत्या. उपनगरांतली होतकरू मुलं हेरायची, त्यांना टेनिस शिकवायचं आणि विभागीय निवड चाचणीपर्यंत न्यायचं, शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही. लग्नाच्या पंगतीत त्या पानाकडे बघत नाहीत, वाढणाऱ्यांच्या मनगटांकडे बघतात. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडे अचानक एक लिंबू फेकलं. मी ते पाडलं. "असू दे," त्या हिला म्हणाल्या, "स्वभावाने बरा दिसतो."

घाटकोपरला एकदा त्यांनी चालती रिक्षा थांबवायला लावली. एका चाळीखालून शाळकरी मुलीने किल्ल्यांचा जुडगा वर भिरकावला होता आणि तो तिसऱ्या मजल्यावर, बंद दारासमोर ताटकळलेल्या आईच्या हातात नेमका पडला होता. आत्या उतरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "परत टाक."

"कशाला? मिळाल्या ना आईला!"

"मग आईला म्हण, खाली टाक."

महिन्याभरात ती मुलगी, श्रावणी, मुलुंडला आत्यांच्या सोसायटीच्या कोर्टावर खेळू लागली. हे कोर्ट त्यांना दुपारी मिळतं, कारण तेव्हा ते दुसऱ्या कुणालाच नको असतं. अट एकच, आवाज नको, लोक झोपतात. "चार वाजले की बोंबला हवं तर," आत्या मुलांना बजावतात. तोवर गुण बोटांनी दाखवायचे, चेंडू दणकवण्याऐवजी अलगद नेटपलीकडे उतरवायचा, जिंकलं तरी ओठ मिटलेले. शाबासकी म्हणजे आत्यांची वर गेलेली एक भुवई. लांबून पाहणाऱ्याला इथे कुणीतरी गेलंय असं वाटावं. पण ते टेनिस इतकं देखणं असतं, की ते बघायला मी ऑफिसात रजा टाकली आहे.

अंधेरीच्या निवड चाचणीत पुण्याच्या निवासी शिबिरासाठी एकच जागा उरली होती. श्रावणीने समोरच्या मुलीला सहज हरवलं, तरी निवड करणारे सर मान हलवत होते. "खेळ झकास आहे, मॅडम. पण भूक दिसत नाही. पॉइंट काढते आणि चेहरा असा, की बस चुकली."

"आमच्याकडे लोक झोपलेले असतात," आत्या म्हणाल्या. सरांना काही कळेना. मग, मी तरी प्रथमच ऐकलं, आत्यांनी चूक कबूल केली. "कमी तिच्यात नाही, माझ्या शिकवण्यात आहे. आणखी एक सेट खेळवा. तुमच्या सगळ्यात तगड्या मुलाशी." आणि श्रावणीला, "ओरड गं आता."

"काय ओरडू?"

"सुचेल ते!"

पहिल्याच लांबलेल्या रॅलीत श्रावणीने चेंडू नेटच्या जेमतेम पलीकडे अलगद सोडला. मुलगा धावला, पोचला नाही. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "चार वाजले!"

सरांनी घड्याळ बघितलं. सेट ती हरली, पण प्रत्येक पॉइंटला चार वाजवून हरली. जागा तिला मिळाली.

निघताना आत्या तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिकडे नवे सर सांगतील तसंच खेळायचं. माझं काही डोक्यात ठेवू नकोस. 'आत्या असं सांगायच्या' हे तर मुळीच नको."

"आणि कुणी शिकवलं विचारलं तर?"

आत्यांनी तिच्या खांद्यावरची बॅग सरळ केली.

"मग सांग," त्या म्हणाल्या. "एकदाच."