पुसून ठेवलेला इतिहास

सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. हे नाव जावेने ठेवलेलं, आणि जावेने ठेवलेलं नाव कौतुकाचं ते कितपत असणार! "आमच्या मास्तरीणबाईंना फुरसत कुठली? त्यांची घरात शाळा भरते," असं ती जिन्यात उभी राहून शेजारणींना सांगे, वरच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू जाईल अशा बेताने. मास्तरीणबाईंनी कधी उलट शब्द काढला नाही. पुढे पुढे तर तिलाच ते नाव आवडायला लागलं. खोटं थोडंच होतं?

लग्नाआधी ती एका छापखान्यात प्रुफं तपासायला होती. तिथे शाळांच्या स्वाध्यायपुस्तिका छापत. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, नकाशात दाखवा, स्वतःच्या शब्दांत लिहा. काना चुकलेला, मात्रा घसरलेली तिच्या नजरेतून सुटत नसे. न वाचलेलं पान तिने कधी पुढे सरकवलं नाही, अशी तिची ख्याती होती. छापखान्याला कुलूप लागलं तेव्हा मालक म्हणाला, "ताई, हवं ते घेऊन जा, नाहीतर रद्दीतच जायचंय." तिने इतिहासाची प्रत्येक इयत्तेची एकेक पुस्तिका उचलली. दोन-दोन उचलायचं सुचलं नाही. मुलं किती होणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

मुलं दोन झाली. थोरलीचं हृदय जन्मापासूनच अधू. शाळेचा जिना चढली की ओठ निळे पडत. डॉक्टरांनी नको म्हटलं, शिक्षण कार्यालयाने परवानगी दिली, आणि जेवणाच्या टेबलावर शाळा भरायला लागली. गणित पोरीला बिलकूल आवडत नसे. इतिहास म्हटलं की मात्र स्वारी खूश. हात जड, पेन्सिल दाबून लिहायची सवय. टोक सारखं मोडायचं.

"अगं, जरा हलक्या हाताने! कागद फाडशील."

"मग पेनाने लिहू दे ना."

"अजिबात नाही. पेन्सिलच. पुढे हीच पुस्तिका बारक्याला लागणार आहे."

बारक्या तेव्हा टेबलाखाली बसून बापाची चप्पल चावत होता.

थोरली एका थंडीत गेली. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तो दिवस उजाडायच्या आधीच गेली.

बारक्याच्या तब्येतीला काही झालेलं नव्हतं. हाक मारली की गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज, आणि जिना तो एकेक पायरी गाळून चढे. त्याला शाळेत घालायला काहीच हरकत नव्हती. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या इमारतींमधून लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून आलेला माणूस, घरी फारसं बोलत नसे. तोही दोनदा म्हणाला, "याला आता शाळेत टाकू या." ती म्हणाली, "बघू." बघितलं मात्र काही नाही. शिक्षण कार्यालयात जाऊन तिने बारक्यासाठीही परवानगी मागितली. तिथल्या बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वर्षाची परवानगी दिली. वर्षअखेरीस मुलाची तपासणी होणार, समाधान झालं नाही तर पोरगा शाळेत जाणार, एवढंच ठरलं.

ते वर्ष तिने कसं काढलं, हे तिचं तिला माहीत. दुपारी बारक्या झोपला की ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहायची, दुसऱ्या दिवशीची पानं काढायची आणि थोरलीचं अक्षर खोडायची. तोंड खिडकीकडे, हात पानावर. खोडताना वाचायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. दाबून घासलं तर पान फाटेल म्हणून मऊ रबर हलकेच फिरवायचं, भुसा फुंकरीने उडवायचा की झालं. सकाळी ती पानं बारक्यापुढे ठेवायची, धडा एकदा वाचून दाखवायची आणि आत निघून जायची. त्याच्या पुढ्यात तिला बसवत नसे. नळ सोडून भांडी घासत राहायची, नसलेली भांडीसुद्धा.

बारक्या शहाण्यासारखा लिहायचा. पुस्तिका उचलून खिडकीत जायचा, तिथेच बसायचा, आणि पानं भरलेली परत आणायचा. ती वरवर बघायची. रिकाम्या जागा बरोबर, जोड्या बरोबर. "स्वतःच्या शब्दांत लिहा"च्या ओळी भरलेल्या दिसल्या की खाली सही. त्या ओळी वाचणं काही तिच्याने होत नसे.

"पोरगं हुशार निघालं हो तुझं," एकदा जाऊसुद्धा म्हणाली. "आमचा तर पुस्तक बघितलं की आजारीच पडतो."

तपासणीच्या दिवशी नवरा कामावरून परस्पर शिक्षण कार्यालयात आला, हाताला ग्रीस तसंच. परवानगी देणाऱ्या त्याच बाई. घसा बसलेला, तोंडात खडीसाखर. पुस्तिका चाळता चाळता त्या खुलल्या.

"छान लिहितोस की रे! इजिप्तमधले लोक मृतांजवळ वस्तू का ठेवत? हे बघा हं, काय लिहिलंय: 'तिकडे त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून. एकटं राहिलं की फार कंटाळा येतो.'" त्या हसल्या. "मला आवडलं बुवा!"

नवराही हसला. तिला मात्र हसू फुटेना. असं वाक्य बारक्या बोलत नाही, हे तिला लख्ख कळत होतं. कोण बोलायचं, हेही कळत होतं. तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

"आता हे. घरातली जुनी वस्तू कोणती, तिची हकिकत लिहा. 'आमच्या घरात आजीची इस्त्री आहे. ती फार जड आहे. बारक्याने तिला हात लावला आणि त्याला चटका बसला. तो इतका बोंबलला की खालची काकू वर आली. मी त्याचा हात नळाखाली धरला.'" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बारक्या कोण? धाकटा भाऊ का तुझा?"

"मीच," बारक्या म्हणाला, आणि पुरावा म्हणून मनगटावरचा डाग दाखवला.

बाईंनी डाग पाहिला, मग पान पाहिलं.

"मग तुझा हात नळाखाली कुणी धरला?"

"ताईने."

"आणि हे लिहिलं कुणी?"

"मीच लिहिलं. ताईचं बघून." आपण पकडले गेलो, असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. उलट तो उत्साहाने उठला, पुस्तिका घेऊन खिडकीशी गेला, पान उजेडात तिरकं धरून त्याने दाखवलं. "असं धरलं ना, की खालचं दिसतं. कुठे कुठे बोट फिरवलं तरी कळतं. ती दाबून लिहायची."

बाईंनी पान तिरकं धरलं. नवऱ्याने मान पुढे काढून पाहिलं आणि लगेच तो भिंतीकडे वळला. ती जागची हलली नाही.

"बरं," बाई हळूच म्हणाल्या, "इजिप्त कुठे आहे, सांगशील?"

बारक्या विचारात पडला. "ताईने ते नाही लिहिलं."

वाफेच्या इंजिनाबद्दल विचारलं, जुन्या नदीकाठच्या शहरांबद्दल विचारलं. प्रत्येक वेळी तो आईकडे बघे. सबंध वर्षात त्याच्या कानांवर इतिहास पडला होता तो सकाळचा एकदा वाचलेला धडा; पुढे सगळा नळाचा आवाज.

बाईंनी पुस्तिका मिटली. खडीसाखर गालात सरकवली. "हे बघा, मला कळतंय. मी तीन महिन्यांची मुदत देऊ शकते. तुम्ही नव्याने शिकवा. मी पुन्हा बघेन."

नवरा लगबगीने म्हणाला, "हो, हो, मॅडम. उपकार होतील."

"नको," ती म्हणाली.

"काय?"

"मुदत नको. याला शाळेत घाला. जवळची कुठली असेल ती." मग थोडं थांबून म्हणाली, "मी याला काही शिकवलेलं नाही. मी आत असायचे."

कार्यालयाच्या जिन्यात नवऱ्याने तिला गाठलं. वर्षभर चढलेला नव्हता तो आवाज चढला. "मला एका शब्दाने विचारायचंस तरी! मी तिकडे हात जोडतोय, आणि तू—"

"तू वर्षभर हेच म्हणत होतास ना, शाळेत टाकू या?"

"तेव्हा म्हणत होतो. आज तुझं तोंड बघून नाही म्हणवलं."

"म्हणूनच नाही विचारलं," ती म्हणाली. "तू हो म्हणाला असतास, आणि मी मुदत घेतली असती. परत पानं काढून बसले असते."

बारक्या दोन पायऱ्या खाली उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. शाळेचं त्याला काही वाटलेलं दिसत नव्हतं. त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"आई, ताईचं सगळं आधी नीट दिसत होतं? असं तिरकं न धरता?"

"हो."

"मग पुसलं कुणी?"

नवऱ्याने मध्ये पडायला तोंड उघडलं. तिने हाताने त्याला थांबवलं.

"मी पुसलं."

"का?"

"तुला लिहायला जागा हवी म्हणून."

बारक्याने जरा विचार केला. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मला नको होती." आणि उरलेल्या पायऱ्या उतरून बापाचा ग्रीसने माखलेला हात धरून चालू लागला.

शाळा सुरू व्हायला सबंध सुट्टी मध्ये होती. तेवढ्यात त्याला जवळ घेऊन नीट समजावून सांगू, असं तिने ठरवलं. काय सांगायचं, तेही कपड्यांच्या घड्या घालताना मनात जुळवून ठेवलं. एकदा तर तो पाणी प्यायला आत आला तेव्हा तिने सुरुवातही केली. तो ऐकत उभा राहिला, पेला ठेवला, "बरं," म्हणाला आणि खेळायला गेला. सुट्टी संपली, तो शाळेत जायला लागला, तिथे त्याला मित्र मिळाले. जाऊ आता जिन्यात तिला नावाने हाक मारते.