आईंच्या पायातला पट्टा

हे इथे लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलेय. वाचता वाचता मनात म्हणायचे, या माणसाची एकदा शुगर तपासायला हवी. मी म्हसळ्यात एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर रक्त, लघवी, रिपोर्ट. त्यात आम्ही बौद्ध. माझ्या आजेसासऱ्यांनी छप्पन्न साली घरातले देव बाहेर काढले, ते पुन्हा कधी आत आले नाहीत. अंगात येणं, कौल लावणं, उतारा टाकणं... आमच्याकडे यातलं काही चालत नाही. तेव्हा हे वाचून कुणी "एखादा जाणकार दाखवा" असं सुचवू नये, एवढी विनंती आधीच करून ठेवते.

आमचं गाव म्हसळा तालुक्यात, खाडीच्या अंगाला. नाव देत नाही. मुलगी पनवेलला हॉस्टेलवर असते, त्यामुळे घरात आम्ही दोघीच — मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. माझा नवरा मिलिंद जहाजावर आहे. जहाज म्हटलं की लोकांना पांढरा युनिफॉर्म दिसतो. मिलिंद फिटर आहे, इंजिन रूममध्ये, तेलात आणि उकाड्यात.

त्याचं जहाज अमेरिकेतल्या एका बंदराला लागलं तेव्हा तिथल्या लोकांनी तपासणी केली आणि इंजिन रूममध्ये एक जास्तीचा पाइप सापडला. जहाजाच्या तळाशी तेलकट पाणी साचतं, ते साफ न करता गुपचूप समुद्रात सोडण्यासाठीचा. बसवला मिलिंदने, बसवायला सांगितला चीफ इंजिनिअरने. पण "साहेबांनी सांगितलं" हे उत्तर तिकडे पुरत नाही. दोघांना अटक झाली. कंपनीने जहाज सोडवून नेलं, माणसं मागे राहिली.

कोर्टाने वकील दिला, पासपोर्ट जमा करून घेतला, आणि निकाल लागेपर्यंत तुरुंगाबाहेर राहायची परवानगी दिली — अटींवर. बंदराजवळच्या मोटेलमधली एक खोली. देखरेखीला एक ऑफिसर बाई; त्यांच्याकडे हजेरी लावायची, आणि त्या कधीही येऊन खोली बघणार. आणि डाव्या घोट्यावर काळा रबरी पट्टा, त्याला साबणाच्या वडीएवढी डबी. माणूस कुठे आहे ते ती डबी सारखी कळवत असते. मोटेल, कोपऱ्यावरचं दुकान, वकिलाचं ऑफिस, एवढीच हद्द. ती ओलांडली की डबी पायावर थरथरते. शिवाय रोज चार्ज करावी लागते, तीही पायातच. भिंतीतल्या प्लगला वायर लावायची, दुसरं टोक घोट्याला, आणि भरेपर्यंत बसून राहायचं.

"कोणी मारत नाही, ओरडत नाही," मिलिंद फोनवर म्हणाला होता. "बाई चांगल्या आहेत, सर म्हणतात मला. पण वायर काढून उठता येत नाही गं."

आणि दुसऱ्याच वाक्याला — "आईला यातलं काही सांगू नको."

मी आईंना सांगितलं, जहाज दुरुस्तीला लागलंय, वेळ लागेल. व्हिडिओ कॉलवर तो छातीच्या वरच दिसायचा. अमेरिकेतल्या त्या पट्ट्याबद्दल आमच्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मुलीलाही नाही.

आई सत्तरीच्या आसपास. भाताची दोन खाचरं अजून स्वतः बघतात, ओहोटी लागली की खाडीच्या चिखलातले खुबे, शिंपले काढायला जातात. दुखणं असं कधी नाही. एका रविवारी सकाळी तांदूळ निवडताना त्या डावा घोटा चोळायला लागल्या.

"सुजाता, माज्या पायाला काय लागलंय बघ गो. आवळल्यासारखं व्हतंय."

मी बघितलं. काहीच नव्हतं. डास चावला असेल म्हणून सोडून दिलं. पण त्यांचं चोळणं थांबेना. आठवड्याभरात घोट्याभोवती वळ दिसायला लागला. मोज्याच्या इलॅस्टिकचा उठतो तसा, पण चांगला रुंद. आणि बाहेरच्या बाजूला एक चौकोनी, फिकट डाग. आईंनी आयुष्यात मोजे घातलेले नाहीत.

माझ्या डोक्यात तेव्हाही पट्टा आला नाही. का येईल? मी रक्त घेतलं. शुगर नॉर्मल, युरिक ॲसिड नॉर्मल, किडनीचंही सगळं नॉर्मल. डॉक्टरांना शंका होती म्हणून माणगावला नेऊन पायाच्या शिरांची सोनोग्राफी केली. तीही नॉर्मल. "वय झालं की होतं असं," डॉक्टर म्हणाले. कशामुळे होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग संध्याकाळचं बसणं सुरू झालं. मी लॅबमधून यायचे तेव्हा आई पडवीत भिंतीला टेकून, डावा पाय पुढे लांब करून बसलेल्या असायच्या. चहा टाकलेला नाही, दिवा लावलेला नाही. एकदा शेजारणीची शेळी आमच्या वाफ्यात शिरली तरी या बसून बघत होत्या.

"आई, उठा ना."

"आता न्हाय उठायचं."

"का?"

"भरतंय अजून."

"काय भरतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही तो शब्द कुठून आला ते कळलेलं नव्हतं. "म्हायत न्हाय गो," त्या म्हणाल्या.

दोन-चार दिवसांनी मी परसदारी उभी राहून मिलिंदशी बोलत होते. तिकडे त्याची सकाळ होती. मी विचारलं, काय करतोयस? तो म्हणाला, "काय करणार, चार्जिंगला बसलोय." मी सहज वळले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट पडवी दिसते. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डावा पाय लांब.

योगायोग असतो, स्वतःला सांगितलं. तो रोज सकाळी बसतो, या रोज संध्याकाळी बसतात, घड्याळं जुळली एवढंच. मग माझ्यातली टेक्निशियन म्हणाली, तपासून बघ.

मी मिलिंदला म्हटलं, "उद्या सकाळी चार्ज करू नको, झोपायच्या आधी कर." त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, नंतर सांगते, एवढं ऐक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लवकर घरी आले. आई पडवीत नव्हत्या. चुलीपुढे होत्या, भाकऱ्या थापत होत्या, खुशीत. मला इतकं बरं वाटलं... मी चार भाकऱ्या खाल्ल्या. पुढच्या सकाळी, तिकडे मिलिंदची झोपायची वेळ झालेली असताना, त्या अंगण झाडत होत्या. मी डबा भरत होते. झाडूचा आवाज थांबला. बाहेर येऊन बघते तर अर्धं अंगण झाडलेलं, झाडू आडवा पडलेला, आणि आई भिंतीला टेकून. पाय लांब.

"सकाळीच का गो बसवलं आज?" त्यांनी मलाच विचारलं.

मी लॅबला गेले नाही. मिलिंदलाही काही सांगितलं नाही. त्याला सांगून काय होणार होतं? तो त्याचा पाय सोडवू शकत नव्हता.

खरी परीक्षा पुढे होती. आईंची थोरली बहीण, किहीमची मावशी, अंथरुणाला खिळली. तिच्या मुलाचा निरोप आला, "माझी आई आठवण काढतेय, येऊन जा." आम्ही पिशवी भरली आणि एसटी पकडायला फाट्यावर निघालो. गावाची शेवटची घरं मागे पडली आणि आई थांबल्या. पाय थरथरत होता. बाकीचं सगळं शरीर स्वस्थ, फक्त डावा पाय, घोट्यापासून खाली. मी खाली बसून हातात धरला. आत काहीतरी गुरगुरल्यासारखं लागत होतं हाताला.

"पुढं न्हाय जायाचं," आई म्हणाल्या.

"आई, मावशी वाट बघतायत."

"मला काय कळत न्हाय व्हय?" त्यांचे डोळे भरले. "माझी बहीण हाय ती. पर मला सोडत न्हाईत गो."

आम्ही परत फिरलो. गावातली घरं लागली तसा पाय शांत झाला. माणगावला नेलं तेव्हा असं काही झालं नव्हतं, पण त्या दिवशी मिलिंदला हद्दीबाहेर कोर्टात जायची मुभा होती, हे मला मग आठवलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा केली, म्हटलं बसून तरी जाता येईल. फाट्याच्या अलीकडे त्यांना इतका त्रास झाला की रिक्षावाल्यानेच गाडी वळवली. मावशी त्याच आठवड्यात गेली. आई तिच्या मातीलाही जाऊ शकल्या नाहीत. किहीमच्या लोकांनी आम्हाला नाही नाही ते बोलून घेतलं.

मिलिंदला मावशी गेल्याचं कळवलं. त्याने त्या दिवशीची हजेरी पुढे ढकलून मयताच्या वेळी व्हिडिओवर हजर राहायला परवानगी मागितली. ऑफिसर बाईंनी ती दिली, सांत्वनही केलं. त्याला निदान विचारायला कोणीतरी होतं. आईंसाठी मी कोणाकडे जाणार होते? कुठल्या कोर्टात उभी राहून सांगणार होते, की यांनी पाइप बसवला नाही, यांनी समुद्रात खुब्यांच्या कवचांशिवाय काही टाकलेलं नाही?

शेवटी मला एकटीला हे ओझं पेलवेना. मी मिलिंदला सगळं सांगितलं. वळ, बसणं, फाटा, सगळं. मला वाटलं तो हसेल, आणि त्याने हसावं असं मला फार वाटत होतं. तो हसला नाही.

"डाव्या पायाला?"

"हो."

"चौकोनी डाग बाहेरच्या बाजूला?"

"हो."

"मी कापतो हा पट्टा," तो म्हणाला. "कात्रीने कापला जातो. आत्ता कापतो."

"मिलिंद, कापलास तर तुला आत टाकतील. वकिलाने सांगितलंय ना."

"टाकू देत. माझ्या आईला का बांधलंय?"

तो रडत होता. मी नको नको म्हणत होते, आणि खरं सांगते, मनात कुठेतरी 'काप' असंही येत होतं. तेवढ्यात मागून आईंनी माझ्या हातातला फोन घेतला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नव्हतं.

"मिलू," त्या म्हणाल्या, "तोडू नको. माझी काय काळजी करू नको. मला सवय झालीय आता. साहेब लोक म्हणतील तसं ऱ्हा."

त्यांनी आमचं बोलणं ऐकलं असेल. घर लहान आहे, आणि मी हळू बोलत होते असं मला फक्त वाटत असेल. तेवढं मी मान्य करते. मिलिंदने पट्टा कापला नाही.

महिने गेले. निकालाचा दिवस ठरला. वकिलाचं म्हणणं होतं, इतके दिवस अटी नीट पाळल्यात, आता बहुतेक घरी पाठवतील. त्या संध्याकाळी मी फोन समोर ठेवून बसले होते. आई पडवीत होत्या. एकदम उठल्या. मोरीवर गेल्या, पायावर तांब्याभर पाणी ओतलं, घोट्यावरून हात फिरवला. मग घरात येऊन माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"सुटला गो. सुटला माझा मिलू."

मी हसले. त्यांना मिठी मारली. तोंडात गूळ होता तेव्हाच वकिलाचा मेसेज आला. न्यायाधीशांनी काही महिन्यांची कैद दिली होती. कोर्टातच पट्टा काढला आणि तिथूनच त्याला आत नेलं. पट्टा काढला, कारण आता त्याची गरज नव्हती.

आई तोवर शेजारी गूळ वाटायला गेल्या होत्या. मी त्यांना हाक मारू शकले नाही. काय सांगून परत बोलावणार?

दुसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, मला किहीमला ने. मावशी नव्हती, तरी जायचं होतं. फाटा ओलांडताना मी त्यांच्या पायाकडे बघत होते. काही झालं नाही. त्या तुरुतुरु चालत एसटीत चढल्या. किहीमला मावशीच्या मुलाने आधी तोंड फिरवलं, मग पाणी दिलं. आई बहिणीच्या खाटेवर थोडा वेळ बसल्या. नारळीच्या वाडीतून एक फेरी मारली आणि म्हणाल्या, चल.

परतीच्या एसटीत दुपारचं ऊन खिडकीतून आत येत होतं. माणगाव मागे पडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याला आता कुठं ठेवलाय?"

मग मी सगळं सांगितलं. तुरुंग, शिक्षा, नंतर तिथूनच इकडे पाठवतील ते. तिथून फोन करायचा तर नंबर मंजूर व्हावा लागतो, बोलणं रेकॉर्ड होतं, आणि आमचा नंबर अजून मंजूर झालेला नाही, हेही. त्या मान हलवत ऐकत होत्या. रडल्या नाहीत, मला बोलल्याही नाहीत.

"पट्टा व्हता तवा मला समजायचं," त्या म्हणाल्या. "कधी बसलाय, कधी भायेर पडलाय, कधी घाबरलाय. त्रास व्हता, पर समजायचं. आता पाय मोकळा झाला. आता त्याचं मला कसं कळायचं गो?"

मी त्यांचा हात धरून बसले, म्हसळा येईपर्यंत.

मिलिंदची शिक्षा अजून संपलेली नाही. आईंच्या सगळ्या तपासण्या मी पुन्हा केल्या, सगळ्या नॉर्मल आहेत. हे काय होतं, कसं होतं, याचं माझ्याकडे आजही काही स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते शोधायचंही थांबवलंय. आई मात्र रोज सकाळी विचारतात, काय कळलं का त्याचं? मी म्हणते, नाही आई, अजून नाही.